ओल्गा टेलिस, आप्पांची टपरी आणि माझी एक सँडल

गेल्या महिन्यात चार दिवस माझी एक सँडल बेपत्ता होती. एकच, उजवी. डावी घरात चपलांच्या स्टँडवर एकटी पडलेली आणि उजवी सोसायटीच्या गेटाबाहेर बदामाच्या झाडाखाली बसणाऱ्या काकांकडे, पट्टा शिवायला दिलेली. "संध्याकाळी घेऊन जा ताई" म्हणाले होते. संध्याकाळी गेले तर झाड होतं, झाडाखालची ती तेलकट काळी जागा होती, पण काका नाहीत, पेटी नाही, छत्री नाही. शेजारचा नारळवाला नाही, समोरची भाजीवाली मावशी पण नाही. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, दुपारी गाडी आली होती.

गाडी म्हणजे अतिक्रमणची गाडी. रस्त्यावर पोट असलेल्या माणसाला "गाडी आली" एवढंच ओरडून सांगावं लागतं, कुठली गाडी हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगून टाकते. त्याच्या आठवडाभर आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी फुटपाथचे फोटो टाकले होते, खाली लिहिलं होतं की आपण सगळ्यांनी मिळून ऑनलाइन तक्रार करू, चालायला जागा राहिलेली नाही. त्या मेसेजला सत्तावीस अंगठे होते. त्यातला एक माझा. का, तर सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात, आणि नारळवाल्याच्या गाडीपाशी त्यांना फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागतं, परवा एक स्कूटरवाला इतका जवळून गेला की त्या तिथंच मटकन बसल्या. मी चिडले होते. अंगठा दाबताना माझ्या डोळ्यासमोर नारळाची गाडी होती, काका नव्हते, काका म्हणजे अतिक्रमण हे डोक्यातच आलं नाही. पण फोटोत होते ते, कोपऱ्यात, कुणाचा तरी बूट मांडीवर घेऊन.

आणि मी कोण, तर टपरीवाल्याची मुलगी.

माझे आप्पा घड्याळजी होते. तालुक्याच्या गावी (नाव घेत नाही) एसटी स्टँडबाहेर, कंपाउंडच्या भिंतीला चिकटून त्यांची पत्र्याची टपरी होती, चार बाय तीनची. पुढं काच, आत एक खुर्ची, डोळ्याला अडकवायचं भिंग, चिमटे, पार्ट धुवायला पेट्रोलची वाटी आणि उजव्या हाताला एक खण. दुरुस्तीला आलेली घड्याळं त्या खणात असायची. प्रत्येक घड्याळ एका छोट्या खाकी पाकिटात, पाकिटावर आप्पांच्या बारीक अक्षरात नाव, काय बिघाड आणि वार. "कुलकर्णी सर, मागे पडते, गुरु." शाळेतून आले की ती पाकिटं वारानुसार लावायचं काम माझं.

१९९८ चा जून, मी सातवीत. शाळा नुकत्या सुरू झालेल्या, पहिला पाऊस होऊन गेलेला. सकाळी अकराच्या सुमारास एक जीप आणि ट्रॅक्टरची ट्रॉली आली. मी तिथं नव्हते, हे मी नंतर शंभर वेळा ऐकलंय, आप्पांकडून कमी आणि शेजारच्या पानवाल्याकडून जास्त. आप्पा एवढंच म्हणाले, "साहेब, दहा मिनिटं द्या, लोकांची घड्याळं आहेत." साहेब दुसरीकडं बघत होते. दोन माणसांनी टपरीखाली पहार घातली, चौघांनी उचलली, ट्रॉलीवर चढवताना टपरी एका बाजूला कलंडली आणि खण उघडला. खाली गटार. पावसाच्या पाण्यानं भरलेलं.

एकोणीस घड्याळं होती. आप्पांनी गुडघाभर गटारात उभं राहून चौदा काढली. त्यातली बरीचशी बंद, चिखल गेलेली, पाकिटं विरघळलेली त्यामुळं कुठलं कुणाचं हे त्यांनी आठवून आठवून लावलं. उरलेल्या पाचांचे पैसे त्यांनी वर्षभरात फेडले. एका मास्तरांनी पैसे घेतले नाहीत. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं एचएमटी होतं ते. "राहू द्या हो" म्हणाले, आणि परत कधी आप्पांशी बोलले नाहीत. स्टँडवर समोरासमोर आले तरी मान वळवून जायचे. आप्पांना टपरी गेल्याचं तेवढं नव्हतं, ह्या मास्तरांचं शेवटपर्यंत होतं.

आणि टपरीबद्दल विचारलं की एकच वाक्य, "जागा आपली नव्हतीच ना." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी एमपीएससीची तीन वर्षं काढलेली बाई आहे. दोनदा प्रीलिम निघाली, मेन्स काही निघाली नाही, आता एका कंपनीत पेरोल बघते. पण ज्यांनी ती वर्षं काढली त्यांना माहितीय की डोक्यात सुप्रीम कोर्टाच्या निकालांच्या काही ओळी कायमच्या गोंदल्या जातात. केशवानंद भारती १९७३ मूलभूत चौकट. मेनका गांधी १९७८ पासपोर्ट. ओल्गा टेलिस १९८५ उपजीविका कलम २१. एवढंच. प्रश्न आला तर गोल काळा करायचा आणि पुढं जायचं. खरं सांगू का, मला कितीतरी वर्षं वाटायचं की ओल्गा टेलिस ही फुटपाथवर राहणारी कुणी गरीब बाई असेल. ती मुंबईची पत्रकार. फुटपाथवरच्या लोकांसाठी कोर्टात गेली आणि तिचंच नाव खटल्याला लागलं.

सँडल हरवल्याच्या दुसऱ्या रात्री झोप येईना म्हणून मी ह्या निकालाची पीडीएफ उघडली. आयुष्यात पहिल्यांदा. तीन वर्षं त्यावर गोल काळे केले आणि वाचला कधीच नव्हता. पहिल्या पानापासून हलता येईना. मला वाटलं होतं सगळं कायद्याचं जडजंबाल असेल, तर सुरुवातीलाच न्यायमूर्ती लिहितायत की मुंबईत फुटपाथवर आणि झोपडपट्टीत राहणारे लोक म्हणजे शहराची जवळजवळ निम्मी वस्ती, आणि त्यांना सोबत कुणाची तर पिसाळलेल्या कुत्र्यांची आणि उंदरांमागं धावणाऱ्या मांजरांची.

मग अर्जदार कोण ते येतं, आणि तिथं मी उठूनच बसले. एक जण संगमनेरचा! १९६९ ला मुंबईत आलेला. गावाकडं चांभारकाम करायचा, दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे, गावातलं घर पडलं म्हणून निघाला. मुंबईत बदली कामगार म्हणून लागला, महिना ३५० रुपये. तुळशीवाडीत फुटपाथवर "जागा" मिळवायला त्यानं तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले आणि वर बांबू आणि प्लॅस्टिकचे ७०० रुपये. म्हणजे बघा, जवळपास तीन महिन्यांचा पगार, फुटपाथवर झोपण्यासाठी. फुकटे फुकटे म्हणतो आपण, फुकट काहीच नसतं, फक्त पावती मिळत नाही.

दुसरा तामिळनाडूतल्या सेलमचा, भूमिहीन शेतमजूर. दुष्काळात काम गेलं, १९६१ ला मुंबईला आला, दहिसरला एका केमिकल कंपनीत रोजावर लागला, रोज २३ रुपये. ताडपत्री-प्लॅस्टिकच्या आडोशासाठी त्याच्याकडून अडीच हजार उकळलेले. बायको आणि तीन मुली.

१३ जुलै १९८१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवरच्या सगळ्यांना हटवायचं आणि ज्याच्या त्याच्या गावी पाठवून द्यायचं. कारण काय दिलं तर हे जगणं अमानुष आहे, पावसाळ्यात असं राहणं बरं नाही. म्हणजे पावसाळ्यात राहणं वाईट म्हणून ऐन पावसाळ्यात छप्पर काढायचं. २३ जुलैला सेलमवाल्याचा आडोसा तोडला आणि अख्ख्या कुटुंबाला बसमध्ये बसवून सेलमला रवाना केलं. आपल्याच देशातल्या एका शहरातून आपल्याच देशातल्या माणसाला, गुन्हा नाही, खटला नाही, बसमध्ये कोंबून पार दुसऱ्या राज्यात. घटनेच्या कलम १९ मध्ये देशात कुठंही फिरायचं, कुठंही राहायचं स्वातंत्र्य लिहिलेलं आहे, ते त्या बसच्या ड्रायव्हरला तरी माहीत होतं का कुणास ठाऊक. बायको-मुली सेलमलाच राहिल्या, हा गडी कामासाठी परत मुंबईला आला आणि पुन्हा फुटपाथवर. संगमनेरवाल्याची झोपडी तर त्याच्याही आधी, जानेवारी १९८० मध्येच तोडलेली, त्यानं परत बांधलेली.

निकालात ह्याला लपंडाव म्हटलंय. पालिका पोलीस घेऊन येते, झोपड्या काढते, माणसं गल्लीबोळातल्या आडबाजूच्या फुटपाथवर पळतात, साहेब गेले की परत. आणि त्या जागेला एवढं चिकटून का, तर काम तिथून जवळ आहे. बास. कामापासून लांब फेकलं तर भाड्यातच पगार जाईल किंवा काम जाईल.

इथं ते सगळं नोट्समधलं "उपजीविका कलम २१" उलगडतं. कलम २१ म्हणतं, कायद्यानं ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही. सरकारी बाजूचं म्हणणं, अहो आम्ही कुणाचा जीव कुठं घेतोय, फुटपाथ मोकळा करतोय. कोर्ट म्हणालं, पोट भरायचं साधन काढून घेतलंत तर जीव घेण्याचा त्याहून सोपा मार्ग कुठला? जगायचा हक्क आहे पण जगवणारं काम करायचा नाही, असं कसं चालेल. फुटपाथवरून हुसकलं की काम जातं, काम गेलं की जगणं जातं, म्हणून हा प्रश्न कलम २१ चा. आता हे वाचताना साधं वाटतं, पण तोपर्यंत असं स्वच्छ कुणी म्हटलं नव्हतं.

अजून एक गंमत. हायकोर्टात ह्याच लोकांच्या वतीनं कबूल करून झालेलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधायचा आमचा मूलभूत हक्क नाही आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर झोपड्या पाडायला आम्ही आडवे येणार नाही. सुप्रीम कोर्टात पालिकेनं तेच पुढं केलं, आता कशाला आलात म्हणून. त्यावर उत्तर असं की मूलभूत हक्क सोडून देता येत नाही, तुम्ही स्वतः सही करून दिलात तरी. मला हे फार आवडलं. पोटाची चिंता असलेला माणूस कशावरही सही करतो हो. आप्पांनी तर टपरी सोडवायला "पुन्हा असे करणार नाही" असं लिहून दिलं होतं, मी पाहिलाय तो कागद, खाली त्यांची ती बारीक सुबक सही.

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसले तो भाग वेगळा आहे आणि तो नोट्समध्ये येत नाही. तो म्हणजे नोटीस.

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यातल्या कलम ३१४ मध्ये आहे की रस्त्यावरचं अतिक्रमण आयुक्तांना नोटीस न देता काढून टाकता येईल. अर्जदार म्हणाले हे कलमच घटनाबाह्य. पालिका म्हणाली, नोटीस कशाला द्यायची? फुटपाथवर कुणाचाच हक्क नाही, मग त्यांचं ऐकून घेऊन त्यांच्याकडं सांगण्यासारखं असणार तरी काय?

म्हणजे आप्पांचंच वाक्य. जागा आपली नव्हतीच ना.

कोर्टाचं उत्तर मी रात्री दीड वाजता तीनदा वाचलं. माझ्या भाषेत सांगते. एक, "नोटीस न देता काढता येईल" याचा अर्थ "नोटीस न देताच काढा" असा होत नाही. अगदीच तातडीची वेळ असेल तर नोटीस टाळायची सवलत आहे ती, एरवी आधी सांगणं हाच नियम. दोन, ऐकून घेतल्यानं निकाल बदलेल की नाही हा मुद्दाच वेगळा. ज्याच्या आयुष्याबद्दल ठरवताय त्याच्याशी बोलायचं असतं, कारण तो माणूस आहे. त्याचं म्हणणं शेवटी फेटाळलं जाणार असलं तरी.

दहा मिनिटं द्या साहेब, लोकांची घड्याळं आहेत. ह्या वाक्यात जागेवरचा हक्क कुठं मागितलाय? आप्पांना माहीत होतं टपरी जाणार. त्यांना फक्त कुलकर्णी सरांचं आणि त्या मास्तरांचं घड्याळ बाजूला काढून ठेवायचं होतं. निकाल १९८५ चा, टपरी गेली १९९८ ला. तेरा वर्षं सुप्रीम कोर्टाच्या कपाटात आप्पांची दहा मिनिटं पडून होती आणि हे ना आप्पांना माहीत ना त्या जीपमधल्या साहेबांना. नाही, साहेबांना बहुतेक माहीत असेल.

आता लोक ह्या निकालाचं गुणगान गातात तेव्हा शेवट कुणी सांगत नाही, तो सांगायला पाहिजे. ते लोक हरले. उपजीविकेचा हक्क मान्य, पण फुटपाथ हे चालणाऱ्यांसाठी, तिथं घर करायचा हक्क नाही. (सासूबाईंना हे मी वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या बरोबरच आहे की.) कलम ३१४ वैध. पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कुणाला हलवायचं नाही, त्यानंतर हलवा. ज्यांची १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत नोंद झालीय त्यांना पर्यायी जागा द्या, पण ती दिल्याशिवाय हटवायचंच नाही अशी अट काही घातली नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे सुनावणी. आधी ऐकून घेतलं पाहिजे असं इतकं सुंदर समजावल्यावर पुढं म्हटलंय की एरवी आम्ही आयुक्तांना तुमचं ऐकायला सांगितलं असतं, पण आयुक्तांनी नाकारलेली संधी आम्हीच तुम्हाला इथं भरपूर दिली आहे, मग आता परत कशाला. म्हणजे सुनावणीचा हक्क जिंकला आणि सुनावणी झालेली आहे असं समजा. मला हसावं की काय करावं कळेना. सेलमच्या त्या माणसाला दिल्लीत इंग्रजीत वकिलांनी केलेल्या युक्तिवादानं "ऐकून घेतलं" गेलं.

निकाल १० जुलै १९८५ चा. लिहिणारे सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड, पुण्याचे, नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी ते रिटायर झाले. शेवटच्या दिवसांत फुटपाथवरच्या माणसाचं लिहून गेले. पण ह्याच चंद्रचूडांचं नाव २८ एप्रिल १९७६ च्या निकालातही आहे. आणीबाणी होती, हजारो लोक विनाखटला आत होते आणि प्रश्न होता की अटक बेकायदा आहे असं म्हणत कोर्टात तरी येता येतं का. पाचपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले नाही येत. त्या चारांत हे. एकटे एच. आर. खन्ना विरोधात. नंतर ४४ व्या घटनादुरुस्तीनं आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि २१ ला हात लावता येणार नाही असं करून ठेवलं, आणि २०१७ मध्ये चंद्रचूडांच्याच मुलानं, धनंजय चंद्रचूडांनी, वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असं सुप्रीम कोर्टाच्या निकालात लिहिलं. तर ज्या हातानं १९७६ ला कलम २१ चं दार लावून घेतलं त्याच हातानं नऊ वर्षांनी ते फुटपाथपर्यंत उघडलं. मधे मेनका गांधींचा पासपोर्ट येतो. त्यांना न विचारता सरकारनं तो जप्त केला, १९७८ मध्ये कोर्ट म्हणालं की कलम २१ मधली "पद्धत" म्हणजे कुठलीही पद्धत नव्हे, ती न्याय्य पाहिजे, माणसाला बोलू दिलं पाहिजे. पासपोर्टवालीला मिळालेली गोष्ट सात वर्षांत प्लॅस्टिकच्या झोपडीवाल्यापर्यंत आली. तेवढं मात्र श्रेय द्यायला पाहिजे.

ह्या सगळ्यांना थेट सुप्रीम कोर्टात जाता आलं ते कलम ३२ मुळं, ज्याला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटलं होतं. हे गोलसुद्धा मी काळे केलेत, पाठ आहेत. पण संगमनेरचा चांभार कलम ३२ चं बोट धरून सुप्रीम कोर्टात उभा आहे असं चित्र त्या तीन वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही.

मग पुढं काय झालं. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात कोर्टानं म्हटलं की फुटपाथवर धंदा करणं हे कलम १९ मधल्या व्यवसाय स्वातंत्र्यात बसतं, अर्थात नियम घालता येतील. आणि २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा कायदाच आला. तो मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचला. विक्रेत्यांचा सर्वे होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवायचं नाही. प्रमाणपत्रातल्या जागेवरून हटवायचं तर तीस दिवसांची नोटीस. माल उचलला तर यादी करून द्यायची, नाशवंत माल मागितला की त्याच दिवशी परत आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. शहराच्या पथविक्रेता समितीत चाळीस टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी, त्यात एक तृतीयांश बायका. आणि विक्रेता म्हणजे फक्त माल विकणारा नाही, सेवा देणारा पण. म्हणजे चपला शिवणारे काका त्यात येतात, आज आप्पा असते तर आप्पाही आले असते. चार बाय तीनच्या टपरीसाठी तीस दिवस! आप्पांनी दहा मिनिटं मागितली होती.

कागदावर हे इतकं छान आहे की राग येतो.

आणि परत एक मेख. नोव्हेंबर २०२४ मध्ये बुलडोझरच्या प्रकरणात न्या. भूषण गवई (आपल्या अमरावतीचे) आणि न्या. विश्वनाथन यांनी निकाल दिला, कुणाचंही घर पाडायच्या आधी पंधरा दिवसांची नोटीस, पोस्टानं पाठवायची आणि भिंतीवरही चिकटवायची, आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही वगैरे. ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. पण त्यात लिहिलंय की रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाइन, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांना हे लागू नाही. कारण समजतं, रस्ता अडवून बसलेल्याला पंधरा दिवस कुठले द्यायचे. तरी १९८५ ला जे फुटपाथवरच्या माणसाला समोर ठेवून बोललं गेलं ते फिरून घरवाल्यांकडं आलं आणि फुटपाथवाला परत दाराबाहेरच राहिला असं मला वाटत राहिलं. वकील लोक म्हणतील की तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी मिसळताय. असेन मिसळत.

तिसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. फार शहाणपणा न करता, की २०१४ च्या कायद्याप्रमाणं आधी सर्वे आणि नोटीस पाहिजे, आपण तक्रार करताना निदान सरसकट न करता जिथं खरंच अडतं ती जागा सांगायला हवी होती, नारळाची गाडी चार फूट सरकली असती तरी काम झालं असतं. पाच मिनिटं शांतता. मग एकांचा मेसेज, "मॅडम, पण तुम्हीच तर लाइक केलं होतं." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. बरोबरच होतं त्यांचं. मी फोन उलटा ठेवून भाकरी करायला गेले.

चौथ्या दिवशी काका सापडले. मागच्या गल्लीत, डीपीच्या मागं, जिथं एरवी लोक कचरा टाकतात तिथं. झाड नाही, छत्री नाही, ऊन थेट डोक्यावर. छत्री गाडीत गेली म्हणाले. मला बघितल्याबरोबर पेटीमागून पिशवी ओढली, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी सँडल आणि अजून सहा जणांच्या चपला-बूट. "पेटी एका हातात आणि ही पिशवी एका हातात घेऊन पळालो ताई. लोकांच्या चपला आहेत, त्या कशा सोडायच्या."

मी काही बोलू शकले नाही पटकन. मग विचारलं, काका तुमचा सर्वे झालाय का, काही कागद? तर पेटीच्या झाकणाच्या आत बाबासाहेबांचा फोटो लावलेला, त्याच्या मागून लॅमिनेशन केलेली एक पावती काढली, फोटो, नंबर, शिक्का सगळं. सर्वेची पावती. मी म्हटलं मग त्यांना दाखवायची ना.

"दाखवायला थांबलो असतो तर पेटी गेली असती."

आरी आणि रापी आत टाकत ते म्हणाले, पट्ट्याला दोन टाके जास्त मारलेत, वीस द्या. वीस दिले. छत्री सोडवायला कुठं जायचं, अर्ज कसा करायचा ते दुसऱ्या दिवशी मी त्यांना लिहून देणार आहे असं सांगितलं. बरं म्हणाले, फार उत्साह दाखवला नाही. अंगठ्याचं मी त्यांना सांगितलं नाही.